दुकानाची पायरी



आपल्या ट्रस्टच्या महोत्सवप्रसंगी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विद्वत्तेचा विषय आम्हांस झेपणारा नाही. दुकानाच्या गल्ल्यामागे आमचे आयुष्य गेले. तेव्हा दुकानाविषयीच बोलतो.

पलसाण्यास आलेली आपली पुष्कळ मंडळी खानदेशातली. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून भुसावळ-सुरत मार्गाच्या गाडीने यावे, चलथाण किंवा उधना येथे उतरावे आणि कडोदरा-पलसाणा पट्ट्यातील कापड रंगविणाऱ्या गिरण्यांत काम धरावे, हा कित्येक कुटुंबांचा क्रम. पण पहिला पगार हाती येईपर्यंत महिनाभराचा शिधा कोण देणार? तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने दिला. जामीन काय तर ‘अमक्याच्या गावचा आहे’ एवढा शब्द. दुकानाच्या वहीत नाव चढले म्हणजे माणूस येथे रुजला, असे आम्ही समजत असू.

ती पायरी आता ओस पडू लागली आहे. कापड, चप्पल, भांडी, फोन यांच्या दुकानांत गिऱ्हाईक येते, वस्तू हाताळते, किंमत विचारते आणि घरी जाऊन तीच वस्तू मोबाइलवर मागविते. हे एका दिवसात घडले नाही. फ्लिपकार्ट २००७ साली निघाली. ॲमेझॉनने २०१३ साली आपल्या देशात दुकान मांडले. माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय झाली, तेव्हा लोकांची भीड चेपली. २०१६ पासून इंटरनेट स्वस्त झाले आणि फोनवरून पैसे देणे सोपे झाले. पुढे २०२० च्या टाळेबंदीत दुकानांना कुलपे लागली आणि ज्यांनी फोनवर कधी सुई घेतली नव्हती, तेही घरबसल्या खरेदी करण्यास शिकले.

दुकानदाराची तक्रार खोटी नाही. मोठ्या कंपन्या भांडवलदारांच्या पैशावर वर्षानुवर्षे तोटा सोसून सूट देऊ शकतात. आपल्या माणसास भाडे, वीज आणि नोकराचा पगार त्याच महिन्याच्या विक्रीतून काढावा लागतो. हे ओळखूनच सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये परकी भांडवलाच्या ऑनलाइन बाजारांवर निर्बंध घातले. ज्या विक्रेत्या कंपनीत बाजार चालविणाऱ्याची भागीदारी आहे, तिला त्या बाजारात माल विकता येऊ नये, असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. परंतु नियमाने गिऱ्हाईक परत येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या फोनने आपल्या गल्लीतील साडीचे दुकान रिकामे केले, त्याच फोनवरून सुरतेची साडी देशाच्या कानाकोपऱ्यांत जाते. आपल्याच लेकी-सुना साड्यांच्या घड्या घालून पार्सले बांधतात. मुले ती मोटारसायकलवरून घरोघर पोचवितात. एका घरात सासरा दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहतो आणि सून पार्सलावर चिठ्ठी चिकटविते. ‘ऑनलाइनवर बहिष्कार घाला’ असे आम्ही म्हणालो तर कोणाच्या पोटावर पाय पडेल? सुनेच्याच. आणि खरे सांगावयाचे तर आमच्या घरीही पार्सल येते.

व्यापार जागा बदलतो, हे सुरतेइतके कोणास ठाऊक असावे? १६८७ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपले मुख्य ठाणे येथून मुंबईस हलविले. तरी सुरत पुढे नव्या धंद्यांवर उभी राहिलीच. अमेरिकेतील सिअर्स ही पेढी टपालाने माल पाठवून मोठी झाली, १९२५ पासून तिने दुकाने थाटली, १९९३ साली मालाच्या यादीचे आपले जाडजूड पुस्तक बंद केले आणि २०१८ साली दिवाळखोरीत गेली. घरपोच विक्रीत मोठी झालेली पेढीच घरपोच विक्रीच्या नव्या लाटेत बुडाली! तेव्हा कोणी गर्व करू नये आणि कोणी धीरही सोडू नये.

मग आम्हांस खुपते ते काय? लोक फोनवर घेतात, हे नव्हे. रोख पैसे फोनवर जातात आणि उधारी मात्र दुकानात राहते, हे खुपते. महिनाअखेरीस पीठ-तेल वहीवर न्यावयाचे आणि पगार झाला की नवी वस्तू रोखीने बाहेरून मागवावयाची, हा न्याय नव्हे. दुकानदार एका वेळी दहा घरांची अडचण पोटात घालतो. त्या दहांनी पाठ फिरविली तर अकराव्यास उभे करण्यास तो राहणार नाही. गावी मयत झाली म्हणून मध्यरात्री गाडीभाड्यास पैसे मागावेत, असे दार कोणत्याही फोनमध्ये नाही. आपल्या ट्रस्टची पावतीपुस्तके उघडून पाहा. वर्गणीदारांत दुकानांची नावे किती आहेत, ते दिसेल.

म्हणून तीन विनंत्या करतो. कुटुंबांना ही, की फोनवर अवश्य घ्या, पण आधी वही चुकती करा. दुकानदार बंधूंना ही, की फोनला जे जमत नाही ते करा. साडीला फॉल लावून द्या, माप पाहून चप्पल द्या, खराब माल कुरकुर न करता बदला आणि फोनवरून मागणी घेण्यास स्वतःही शिका. आणि विश्वस्तांना ही, की शिष्यवृत्त्या देताच आहात. आता दुकानदारांच्या मुलांना ऑनलाइन विक्रीचे आणि हिशेबाचे शिक्षण देण्याचा वर्गही काढावा. वडिलांच्या गल्ल्यावर मुलाचा फोन चालला तर दुकान टिकेल.

आमच्या बोलण्यात कोणास अधिकउणे वाटले असल्यास क्षमा असावी. ज्यांच्या उधारीवर आपले या गावातले पहिले जेवण झाले, त्यांची आठवण या महोत्सवात राहावी, इतकीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.