पाचारण कुणाला, नि विचारलं कुणाला?



परदेशी मिशनसेवेला कायमचं निघणाऱ्या कुटुंबांनी तयारी कशी करावी, यावर बोलायला मला बोलावलंत. मी एका बाईची आठवण करून देते.

१८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम कॅरी आपल्याला ठाऊक आहे. पण त्याची बायको डॉरथी? १७९३ साली कॅरी इंग्लंडहून बंगालला निघाला तेव्हा ती गरोदर होती. तिनं साफ नकार दिला. कंपनीचा परवाना नव्हता म्हणून कॅरीला जहाजावरून उतरावं लागलं, तोवर ती बाळंत झाली होती. पुन्हा मनधरणी झाली. बहीण सोबत हवी, या अटीवर ती तान्हं बाळ घेऊन निघाली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला नि डॉरथीचं मन कायमचं ढासळलं. कॅरीची भाषांतरं चालू होती, त्याच घरात ती खोलीत बंद असे. १८०७ साली ती वारली.

पाचारण त्याला होतं, भोगलं तिनं. म्हणून तयारी म्हणजे नुसती भाषा नि प्रार्थना नव्हे. बाईला एकटीला विचारा. तिचा नकार हा नकारच समजा. आणि गेल्यावरही तिची परतीची वाट मोकळी ठेवा.