एक आजार, नावे अनेक



डॉक्टर, भाषाभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ या तिन्ही क्षेत्रांतल्या मंडळींना एका मांडवाखाली आणण्याचा हट्ट आमच्या स्वागत समितीने का धरला, ते आधी सांगतो. मधुमेह केसपेपरवर कधी डायबेटिस, कधी शुगर, तर कधी नुसता ‘डीएम’ होऊन येतो. असा गुंता इंग्रजीतही होताच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९८६ साली तो सोडवायला घेतला. निरनिराळ्या कोशांतली नावे एकत्र करून एका संकल्पनेला एक क्रमांक दिला, पण कुणाचाही शब्द रद्द केला नाही. शहाणपण होते ते यात. २०१४ पासून भारत अशाच धर्तीच्या स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञावलीचा सदस्य आहे आणि तिचे देशातले काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालते. मराठीनेही हीच वाट धरावी, बोलणाऱ्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे आणि जुळवाजुळव यंत्राकडे सोपवावी, असे माझे मत आहे.

यावर कुणी म्हणेल, परिभाषाकोश हाताशी असताना सगळ्यांनी प्रमाण शब्दच का वापरू नयेत? पाठ्यपुस्तकात जरूर वापरावेत. पण ‘घाबरल्यासारखं होतंय’ म्हणणाऱ्या पेशंटला धडधडते आहे, दम लागतो आहे की नुसतीच भीती वाटते आहे, हे कोश सांगत नाही. ते बोलणे घाईने एखाद्या प्रमाण संज्ञेत कोंबले, तर निदानाआधीच माहिती हरवते. दुसरा आक्षेप ताजा आहे. एआयला आता सगळे कळते, मग ही उठाठेव कशाला? ‘ताप, उलटी, जुलाब नाहीत, खोकला आहे’ हे वाक्य घ्या. यातले एकटे ‘नाहीत’ मागची तिन्ही लक्षणे पुसून टाकते. नकार ओळखणारी ‘नेगेक्स’ ही २००१ची पद्धत इंग्रजी डिस्चार्ज समरींसाठी घडवलेली, आणि इंग्रजीत नकार बहुधा लक्षणाच्या आधी येतो, वरच्या मराठी वाक्यासारखा नंतर नाही. एआय हे वाक्य बरोबर लावीलही. पण चुकला तर ते पकडायचे कशावरून? म्हणून संकल्पनेच्या क्रमांकाशेजारी पेशंटचे मूळ वाक्य जपलेच पाहिजे. त्यावाचूनची नोंद मी तरी अपुरीच मानतो.

तेव्हा डॉक्टरांनी ओपीडीत कानावर पडणारे शब्द, भाषाभ्यासकांनी बोलींतली रूपे आणि संगणकतज्ज्ञांनी आपल्या साधनांच्या चुका हातचे न राखता इथे मांडाव्यात, एवढीच विनंती.