निबंध दोनदा लिहायचा असतो

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही तिघं इंग्रजीचे शिक्षक आहोत. एक बेळगाव शहरातले, एक खानापूर तालुक्यातले आणि एक निपाणीच्या बाई. तिघंही मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आठवी ते दहावीला शिकवतो. हे भाषण तिघांनी मिळून तयार केलं आहे. बोलायला एकाला पुढं ढकललं आहे, एवढंच. म्हणून सगळीकडे 'आम्ही' असंच म्हणणार आहोत.

गणपतीसमोर बोलायचं तर सुरुवात त्याच्यापासूनच करू. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीनं ते लिहून घेतलं, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. गणपतीची अट अशी की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट अशी की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आमच्या वर्गातली मुलं गणपतीची अट बरोबर पाळतात. 'माय मदर' म्हटलं की लेखणी सुरू होते ती पानाच्या शेवटीच थांबते. व्यासांची अट मात्र कुणीच पाळत नाही. मुलंही नाहीत आणि आम्हीही बरीच वर्षं पाळली नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या भागातल्या मुलाचं ओझं आधी नीट बघा. घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी. तीन भाषा आणि त्याही तीन लिप्यांत. पुण्यामुंबईच्या मुलाला हे करावं लागत नाही. आमचं पोरगं सकाळी देवनागरी लिहितं, दुपारी कन्नड आणि शेवटच्या तासाला रोमन. एवढं करूनही ते गडबडत नाही, ही आमच्या मते कौतुकाची गोष्ट आहे. पण इंग्रजी निबंधाची वेळ आली की हेच पोरगं एकदम मुकं होतं. मग ते गाईड उघडतं. 'माझी आई', 'पावसाळ्यातला एक दिवस', 'वर्तमानपत्राचे फायदे' हे सगळं तोंडपाठ करतं. पन्नास मुलांच्या पन्नास आया एकसारख्याच निघतात. सगळ्या पहाटे उठतात, सगळ्या प्रेमळ आणि सगळ्या देवासारख्या.

पाठांतराला आमचा विरोध नाही. आरत्या, मनाचे श्लोक, पाढे हे पाठच असावं. पण निबंध म्हणजे आरती नव्हे. आरती सगळ्यांची एकच असते आणि निबंध ज्याचा त्याचा असतो.

शब्दच बघा. इंग्रजीत 'एसे' हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'प्रयत्न'. माँतेन नावाच्या फ्रेंच गृहस्थानं 1580 मध्ये आपल्या लेखांच्या पुस्तकाला हेच नाव दिलं. आपला शब्द 'निबंध', म्हणजे नीट बांधलेलं. एका भाषेत प्रयत्न, दुसऱ्या भाषेत बांधणी. आम्हाला वाटतं, दोन्ही शब्द खरे आहेत. पहिल्यांदा लिहितो तो प्रयत्न, दुसऱ्यांदा लिहितो ती बांधणी. आमची शाळा पहिल्या प्रयत्नालाच मार्क देऊन मोकळी होते आणि बांधणीचा तास वेळापत्रकात नसतोच.

आता आमची एक चूक सांगतो.

निपाणी म्हणजे तंबाखूचा भाग. घरोघरी बायका विड्या वळतात. आमच्या बाईंच्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई विड्या वळायची. त्यानं 'माय मदर' वर निबंध लिहिला तो गाईडमधला, देवासारख्या आईचा. बाईंनी त्याला जवळ बसवून मराठीत विचारलं, "तुझी आई संध्याकाळी काय करते?" तो म्हणाला, "जुड्या मोजते." "मग तू काय करतोस?" "मी वहीत आकडा लिहितो." बाई म्हणाल्या, "हेच लिही की." दुसऱ्या दिवशी त्यानं चार वाक्यं आणली. 'माय मदर काउंट. आय राइट. आय डू मिस्टेक. शी नो डू मिस्टेक.' आई मोजते, मी लिहितो, चूक माझी होते, तिची होत नाही.

व्याकरण चुकलेलं होतं, पण पन्नास वह्यांत पहिल्यांदा एक आई दिसली. आणि बाईंनी काय केलं? लाल शाई काढली. चार वाक्यांचं एक लांब, सफाईदार वाक्य केलं. त्यात 'इलिटरेट बट इंटेलिजन्ट' असा शब्दप्रयोग घातला. निरक्षर असली तरी हुशार. मुलानं वही बघितली आणि हळूच म्हणाला, "टीचर, छान आहे. पण हे आईला वाचून दाखवता येणार नाही."

बाईंनी हे आम्हाला सांगितलं त्या दिवशी आम्ही तिघंही गप्प झालो. कारण तिघांनीही हेच केलं होतं, वर्षानुवर्षं. मुलाचा निबंध सुधारता सुधारता तो त्याचा राहतच नव्हता. सुधारणा करत होतो आम्ही, मूल नुसतं बघत होतं. मग शिकत कोण होतं?

तिथून आम्ही पद्धत बदलली. त्यात नवं काही नाही. जगभर चांगले शिक्षक असंच करत आले आहेत. आमच्या वर्गांत ती कशी बसवली तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, लिहिण्याआधी बोलायचं आणि तेही मराठीत. बेळगावच्या मराठीत, घरात बोलतात तशा. इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, असं विचारणारे भेटले. त्यांना आम्ही सांगतो, सांगायला काही असल्याशिवाय कुठल्याच भाषेत लिहिता येत नाही. आणि सांगायचं ते आधी आईच्या भाषेत सुचतं.

दुसरी गोष्ट, पहिला खर्डा सुट्या कागदावर, एक ओळ सोडून. त्यावर आम्ही पेन टेकवत नाही. शेजारचा मुलगा वाचतो आणि जिथं समजलं नाही तिथं फक्त प्रश्नचिन्ह काढतो. चूक काढायची नाही, नुसतं 'कळलं नाही' एवढंच. मग लिहिणाऱ्यानं त्या जागी भर घालायची. 'आम्ही जत्रेला गेलो, मजा आली' यापुढं प्रश्नचिन्ह आलं की मूल सांगायला लागतं, काय मजा आली? पाळण्यात बसून बहिणीनं चप्पल खाली टाकली ती. तीच तर लिहायची होती.

तिसरी गोष्ट, व्याकरण शेवटी आणि एका वेळी एकच. एका निबंधात फक्त क्रियापदाचा काळ, पुढच्यात फक्त 'अ', 'ॲन', 'द'. मराठीत हे शब्दच नाहीत, म्हणून आमची मुलं ते गाळतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'आय टू मार्केट वेंट' लिहितात. मराठीत 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो, म्हणून 'टू मी टू ब्रदर्स आर' होतं. यातली एकही चूक अडाणीपणाची नाही. मूल मराठीचा नियम इंग्रजीत चालवून बघत असतं. हे त्याला समजावून सांगितलं की त्याची लाज जाते आणि ते आपणहून चुका शोधायला लागतं. हातात पेन त्याचं असतं, आमचं नाही.

हिशेबही सांगतो, कारण शिक्षक श्रोत्यांच्या मनात तो आलाच असेल. साठ मुलांचा वर्ग. एका वहीला 10 मिनिटं धरली तरी 600 मिनिटं, म्हणजे एका निबंधाला 10 तास. एवढं नीट तपासणं माणसाला शक्य नाही, म्हणून आपण नुसत्या सह्या करत सुटतो. आम्ही निबंधांची संख्या निम्मी केली आणि प्रत्येक निबंध दोनदा लिहायला लावला. दुसऱ्या खर्ड्यात आम्ही एकाच प्रकारची चूक बघतो. वेळ तेवढाच जातो, पण तो कामी येतो.

आता साहित्याकडे येतो, कारण ते यापासून वेगळं नाही. आमच्या दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आर. के. नारायण यांचा 'अ हीरो' हा धडा आहे. मालगुडीतला स्वामी. वडील म्हणतात, धैर्य महत्त्वाचं, आज आजीजवळ न झोपता कचेरीच्या खोलीत एकटा झोप. रात्री अंधारात काहीतरी हलतं आणि भेदरलेला स्वामी त्याला कडकडून चावतो. तो निघतो चोर. दुसऱ्या दिवशी सगळीकडे कौतुक. गाईडमधलं उत्तर तयार असतं, स्वामी शूर होता. आम्ही विचारतो, आपण चोराला चावतोय हे स्वामीला माहीत होतं का? वर्गात गलका होतो. एक मुलगी म्हणाली, "नाही सर, घाबरला म्हणून चावला." मागच्या बाकावरून आवाज आला, "घाबरूनही पळाला नाही, चावला की!" आम्ही दोघांनाही सांगतो, धड्यातलं वाक्य दाखवा. मुलं पुस्तक उघडतात. धडा पाठ असूनही त्यांनी तो पहिल्यांदा वाचलेला असतो तो त्या दिवशी. मग लिहायचं. आणि विरुद्ध बाजूचं ऐकून पुन्हा लिहायचं. तिथं पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखन सुधारणं राहत नाही, मत पारखून घेणं होतं.

याच वेळी आम्ही मुलांना लंपनची ओळख करून देतो. प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास' मधला लंपन. स्वामीसारखाच शाळकरी आणि आजीच्या मायेतला. आणि त्याची मराठी कशी? तर आपल्या भागातली, कन्नडचा वारा लागलेली. मुलं चकित होतात. आपण बोलतो तसं पुस्तकात छापतात हे त्यांना ठाऊकच नसतं. स्वामी आणि लंपन भेटले तर काय बोलतील, असा निबंध आम्ही इंग्रजीत लिहून घेतला. त्या निबंधाला गाईड नव्हतं. गाईडवाल्यांना तो सुचलाच नव्हता!

ही परंपरा आपल्याच अंगणातली आहे, श्रोतेहो. प्रकाश संतांच्या मातोश्री इंदिरा संत इथं बेळगावातच शिक्षकांना घडवण्याच्या कामात होत्या. जी. ए. कुलकर्णी अनेक वर्षं धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले आणि लिहीत राहिले मराठीत. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी 'रान', 'शिवार', 'गाव' म्हणून मराठीत आणल्या. पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या राणी पार्वती देवी कॉलेजात प्राध्यापक होते. आणखी मागं जायचं तर 1874 मध्ये 'निबंधमाला' सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हायस्कुलातले शिक्षक. त्यांच्याबरोबर 1880 मध्ये पुण्याला न्यू इंग्लिश स्कूल काढणारे टिळकही शिक्षकच. ज्यांच्यामुळं आज आपण या मांडवात बसलो आहोत, त्यांनी आधी वर्गात खडू धरला होता. इंग्रजी शिकल्यानं मराठी जाते आणि मराठीत राहिल्यानं इंग्रजी येत नाही, ही भीती या माणसांकडं बघितली की कमी होते.

पालक विचारतात, यानं मार्क वाढतात का? खरं सांगतो, पहिल्या वर्षी वाढले नाहीत. पाठ केलेल्या निबंधाला बरे मार्क पडतात, हे खरंच आहे. परीक्षेत दोनदा लिहायला वेळही नसतो. पण ज्या मुलानं वर्षभर दोनदा लिहिलंय ते परीक्षेत लिहायच्या आधी दोन मिनिटं थांबतं, काय सांगायचं ते ठरवतं. अनोळखी विषय आला तर रडत नाही. आणि दहावीनंतर पुढं जेव्हा अर्ज लिहायचा असतो, मुलाखतीत स्वतःबद्दल सांगायचं असतं, तिथं गाईड नसतं.

आमची मंडळाला एक विनंती आहे. दरवर्षी गणेशोत्सवात निबंध स्पर्धा असते. बक्षिसं मिळतात ती पुष्कळदा बाबांच्या किंवा मोठ्या ताईच्या निबंधाला, हे आपण सगळे जाणतो. पुढच्या वर्षी मुलांना इथंच, सभागृहात लिहू द्या. पहिल्या दिवशी एकदा, दोन दिवसांनी त्याच विषयावर पुन्हा. भाषा कुठलीही, मराठी, कन्नड किंवा इंग्रजी. दोन्ही कागद शेजारी ठेवून बक्षीस द्या ते पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत सर्वांत लांब चालून आलेल्या मुलाला. तपासायला आम्ही तिघं येऊ.

आणि पालकांना एवढंच सांगणं, वही घरी आली की किती मार्क पडले ते आधी विचारू नका. 'वाचून दाखव' म्हणा. इंग्रजी कळत नसेल तर 'मराठीत सांग' म्हणा.

निपाणीच्या त्या मुलाचं राहिलंच. बाईंनी आपलं लाल वाक्य खोडलं. मुलानं स्वतः बसून आपली चार वाक्यं नीट केली. 'काउंट' ला 'काउंट्स' केलं, 'नो डू' चं 'डझ नॉट' केलं, जुड्यांचा आकडा घातला आणि घरी नेऊन आईला मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "टीचर, पुन्हा लिहायला पाहिजे. आई म्हणाली, आकडा चुकलाय."

आम्ही दोनदा लिहायला सांगत होतो. तिसऱ्यांदा त्याच्या आईनं लिहायला लावलं.

 गणपती बाप्पा मोरया!