आता कशाला?

शीव कोळीवाड्यातून आम्ही आज बोलणार आहोत आपल्या मुंबईच्याच एका बँडबद्दल. नाव 'द लाइटइयर्स एक्स्प्लोड', गायक सौरभ रॉय. २०१३ साली त्यांचा पहिला अल्बम आला, 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण'.

पंक म्हणजे नुसता आरडाओरडा, असं आपल्याला वाटतं. पण त्यात एक सुरेल प्रकार आहे. अमेरिकेच्या 'ग्रीन डे'नं १९९४ च्या 'डुकी' अल्बममधून तो जगभर नेला. ड्रम धावतो, गिटार खरखरते, शब्द चिडलेले असतात. चाल मात्र भांडी घासतानाही गुणगुणता येते. कोळीगीतात एकीनं ओळ टाकली की बाकीच्या झेलतात, तसंच इथेही धृपद सगळे मिळून गातात.

अशा अल्बमनं बँडला ओळख मिळते. मग लोकांना तेच हवं असतं. पण २०१९ च्या 'सबर्बन प्रिन्स'मध्ये या पोरांनी सूर बदलला, सिंथसायझर पुढे आणला. पहिलं काम त्यामुळे खोटं ठरलं नाही. त्याच्याच बळावर दुसरं करता आलं.

आमच्यातल्या एकीनं मासळीची पाटी ठेवून शिवणाचा वर्ग धरला, तेव्हा घरचेच म्हणाले, "चांगला धंदा चाललाय, आता कशाला?" आज ती ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं मात्र तिनं मासळीच्या धंद्यातच जोडलेली.

दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका. आवडतील, न आवडतील. पण उद्या सून म्हणाली, "मला वेगळं काही करायचंय," तर "आता कशाला?" म्हणू नका.