आठ तुकड्यांचं गोल आसन

आज कोनाबद्दल बोलूया. कोन म्हटलं की आपण म्हणतो, ते पोरांच्या पुस्तकातलं. पण आमच्या गटानं आठ तुकडे जोडून गोल आसनं शिवायला घेतली आणि कोन थेट आमच्या कात्रीखाली आला.

जात्याचा खुंटा जिथून निघाला तिथंच परत आला, की एक फेरी झाली. ती ३६० अंशांची. तिचे आठ सारखे वाटे केले तर एकेक ४५ अंशांचा. आता साचा ४३ अंशांचा कापला गेला असं समजा. दोन अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत, पण आठ तुकड्यांत मिळून १६ अंश कमी पडतात. ओढून शिवलं की आसन मधून टोपीसारखं वर उठतं. ४७ अंश झाले तर १६ जास्त होतात, मग कडेला झालरीसारख्या लाटा येतात. टाके कितीही बारीक घाला, ते सपाट बसत नाही. गिऱ्हाईक हात लावून बघतं आणि ठेवून देतं. कापडाचे पैसे मात्र गेलेले असतात.

म्हणून आम्ही मोजपट्टीच्या नादी लागत नाही. वर्तमानपत्राचा गोल कापायचा आणि मधोमध तीनदा दुमडायचा. आठ पदर होतात, कोन आपोआप ४५ अंशांचा. तो पुठ्ठ्यावर उतरवला की साचा तयार. शिलाईची जागा दोन्ही बाजूंनी सारखी सोडायची. आसन मोठं हवं असेल तर बाजू लांब करा, कोन तोच. भाकरी लहान असो की मोठी, चतकोराचा कोन ९० अंशच राहतो ना, तसं.

रंगांचीही गंमत आहे. आठही तुकडे एका रंगाचे असले तर आसन ४५ अंश फिरवलं तरी होतं तसंच दिसतं. एका फेरीत आठ वेळा. लाल-पिवळा आलटून पालटून लावले तर ९० अंश फिरवावं लागतं, म्हणजे चार वेळा. तीन रंग मात्र आठात ओळीनं बसत नाहीत, कुठंतरी क्रम मोडतोच. तीन रंग हवेत तर सहा तुकडे घ्या, ६० अंशांचे.

आणखी एक. दारातलं स्वस्तिक पाव फेरी फिरवलं तरी तसंच दिसतं, पण आरशात बघा, त्याचे हात उलट्या बाजूला वळलेले दिसतील. वाकड्या पाकळीचंही तसंच आहे. छापील कापड घडी घालून दोन पदर एकदम कापले, तर अर्ध्या पाकळ्या उलट्या वळणाच्या निघतात आणि त्या या आसनात बसत नाहीत. वेळ वाचवायचा मोह होतो खरा, पण अशी पाकळी एकेरी कापडावरच कापायची. साच्याच्या एका बाजूवर ठळक अक्षरात ‘वर’ असं लिहून ठेवा, म्हणजे कुणीही कापायला बसलं तरी तो पालथा पडणार नाही.