सवड, वय आणि संकोच

एखादी परकी भाषा शिकावी असें ज्याच्या मनांत कधींच आलें नाहीं, असा सुशिक्षित गृहस्थ विरळाच. फ्रेंच किंवा जर्मन भाषेचें पहिलें पुस्तक पुष्कळ घरांतील कपाटांत सांपडतें. त्याचीं पहिलीं दहा पानें हाताळलेलीं असतात, पुढचीं कोरीं करकरीत असतात. कारण विचारलें तर उत्तर तयार असतें: सवड नाहीं, पाठांतर होत नाहीं, शिकविणारा कोणी नाहीं, आणि आतां वयही झालें. हीं उत्तरें अगदींच खोटीं असतात असें नाहीं. पण खरें कारण त्यांतच आहे काय, हें तपासून पाहण्यासारखें आहे.

प्रथम सवडीची गोष्ट. पुढें ट्रॉय नगरीच्या उत्खननानें प्रसिद्धीस आलेला हाइन्रिख श्लीमान हा जर्मन गृहस्थ ऐन विशींत ॲमस्टरडॅम येथील एका पेढीवर हलका कारकून होता. तुटपुंज्या पगारांतील अर्धी रक्कम तो भाषांच्या अभ्यासावर खर्ची. पेढीच्या कामासाठीं शहरांत हिंडतांना त्याच्या हातांत पुस्तक असे. टपालघरांत खोळंबावें लागलें तर तेथेंही वाचन चाले. आपली स्मरणशक्ति दुबळी होती, असें तो स्वतःच लिहितो. त्यावरील त्याचा उपाय साधा होता: पुष्कळ आणि मोठ्यानें वाचावें, भाषांतर करीत बसूं नये, रोज एक तास द्यावा, आवडीच्या विषयावर थोडें लिहून शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यावें आणि दुसऱ्या दिवशीं तेंच पाठ म्हणावें. १८४४ सालीं तो रशियन शिकूं लागला, तेव्हां शिक्षकच मिळेना. मग त्यानें आठवड्याला चार फ्रँक देऊन एक गरीब मनुष्य केवळ श्रोता म्हणून समोर बसविला. त्या बिचाऱ्याला रशियनचें अक्षरही कळत नव्हतें! रोज दोन तास चालणाऱ्या त्या घोषामुळें शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या आणि श्लीमानला दोनदां बिऱ्हाड बदलावें लागलें. त्याच्या आत्मकथनांत थोडी फुशारकी आहे असें विद्वान मानतात. ती वजा घातली तरी १८४६ सालीं त्याच्या मालकांनीं त्याला आपला प्रतिनिधि म्हणून सेंट पीटर्सबर्गला पाठविलें, ही गोष्ट शिल्लक राहतेच.

वयाची सबब याहून भारदस्त. पण पंडिता रमाबाईंचें उदाहरण महाराष्ट्राच्या समोरच आहे. त्यांचा जन्म १८५८ चा. विलायतेंत असतांना ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें वैद्यक शिकण्याचा बेत त्यांना सोडावा लागला होता. केडगांवच्या मुक्तिसदनांतील शेंकडों निराश्रित स्त्रियांचा आणि मुलींचा संसार त्यांच्या अंगावर होता. अशा स्थितींत पंचेचाळिशी उलटल्यावर, बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत आणण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें, आणि १९२२ सालीं मृत्यूच्या आधीं तें पुरें केलें. वय, बहिरेपण आणि काम या तिन्ही सबबी त्यांच्या हाताशीं होत्या. त्यांनीं एकही वापरली नाहीं.

मग अडतें कोठें? प्रौढ माणसाचें बहुधा संकोचापाशीं अडतें. कचेरींत ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्यानें ‘हें टेबल आहे, ती खुर्ची आहे’ असें अडखळत म्हणावें आणि कालच्या पोरानें त्याची चूक दाखवावी, हें जिवावर येतें. मूल ‘माझी आंबा’ म्हणतें, घर हंसतें, मूलही हंसतें आणि पुन्हां बोलतें. म्हणून तर तें शिकतें. प्रौढ मनुष्य मात्र निर्दोष बोलतां येईल तेव्हांच तोंड उघडावयाचें ठरवितो, आणि तो दिवस कधींच उजाडत नाहीं. भाषेचें अंगच नाहीं, असेंही तो म्हणतो. परंतु तर्खडकरांच्या पाठमाला गिरवून किती तरी सामान्य घरांतील मुलांनीं इंग्रजी हस्तगत केली. त्या वर्गांत चुकल्यास छडी मिळे. पण बोलण्यावांचून सुटका नव्हती.

‘इंग्रजी येतें, तेवढें पुरे’ ही शेवटची सबब. पण टॉलस्टॉय आणि इब्सेन मराठींत आले ते बहुतांशीं इंग्रजीच्या मार्फत, म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्यासारखें. उलट पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दफ्तरखान्यांतील पोर्तुगीज कागद मुळांतून वाचले, म्हणूनच मराठ्यांच्या इतिहासाची एक बाजू उजेडांत आली. एका माणसानें परभाषा शिकण्याचें श्रम घेतले कीं त्याचें फळ असें साऱ्या समाजाच्या पदरांत पडतें.

तेव्हां कपाटांतील तें पुस्तक काढून अकराव्या पानावर उघडावें आणि मोठ्यानें वाचावें. घरांतील मुलें हंसतील. त्यांना हंसूं द्यावें आणि त्यांनाच समोर बसवून घ्यावें. श्लीमानला श्रोत्यासाठीं आठवड्याला चार फ्रँक मोजावे लागले होते. येथें श्रोते फुकट आहेत.