बारीक आहेस ना, मग तुला कशाची काळजी?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना दहा वेळा आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' काढलेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

मागच्या महिन्यात विषय सुचवा म्हटलं होतं, तर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली. आई-बाबांची साठी आली, त्यांनी काय करावं? आणि जाता जाता, आम्ही काय करावं? मी हे दोन प्रश्न उलटे घेणार आहे. आधी आपण, मग आई-बाबा. कारण म्हातारपण साठीला सुरू होत नाही. स्नायूंच्या बाबतीत तरी ते तिशीच्या आसपास गुपचूप सुरू होतं, आणि हा पॉडकास्ट ऐकणारे बहुतेक जण त्याच दारात उभे आहेत.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक कॉम्प्युटर, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. या विषयात मी शिरलो ते ऑफिसच्या वार्षिक तपासणीच्या रिपोर्टमुळे. वय २८, उंची-वजन एकदम नॉर्मल, लग्नाच्या शर्टात अजून मावतो, आणि एचबीए१सी ५.८. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी: गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती ते यातून कळतं. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ आणि त्यापुढे डायबेटिस, मधला पट्टा म्हणजे प्रीडायबेटिस. मी मधल्या पट्ट्यात. घरी सांगितलं तर मावशी म्हणाली, "अरे, तू तर काडी आहेस, तुला कसली साखर? लॅबवाल्यांची चूक असेल." पुन्हा केली. तेवढीच.

तर हे 'काडी' प्रकरण. याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलं होतं, बरीच वर्षं आधी. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, यांचं नाव ऐकलं असेल. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघं शास्त्रज्ञ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या हिशेबात दोघं जुळे भाऊ. आणि शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावाचं पहिलं अक्षर इंग्रजीत 'वाय', म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. एका साध्या फोटोत इतकं मोठं सांगून टाकलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हे जन्मापासूनच दिसतं. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांमधली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं यांची तुलना केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. आपलं बाळ सगळीकडून लहान, पण चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. कमी पडले ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे आपण बारीक दिसतो ते चरबी कमी म्हणून नाही, स्नायू कमी म्हणून. 'काडी' हा आपल्याकडे हेल्थ सर्टिफिकेट असल्यासारखा वापरतात, तो नाहीये. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणकामाची टेप घ्या. भारतीय पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८०, ही धोक्याची रेघ धरतात. टेप बेंबीच्या पातळीला, पोट आत न ओढता. प्रामाणिकपणे.

आता स्नायूंचा आणि साखरेचा काय संबंध? इथे थोडं थांबू या, कारण हे कळलं की बाकीच्या सवयी पाठ कराव्या लागत नाहीत.

जेवल्यावर रक्तात जी साखर येते तिचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. गोदामाचं दार उघडायला एरवी इन्सुलिन लागतं. पण स्नायू काम करत असतील, आकुंचन पावत असतील, तर पेशीतली साखर आत घेणारी यंत्रणा इन्सुलिनशिवायही पृष्ठभागावर येते. मागचं दार म्हणा. गोदाम लहान असेल आणि मागचं दार दिवसभर बंद असेल, तर सगळा भार पुढच्या दारावर. वीस-तीस वर्षं असंच चाललं की बिजागऱ्या कुरकुरणारच. आमच्या भाषेत याला टेक्निकल डेट म्हणतात. २०२३ साली आयसीएमआरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आणि साडेतेरा कोटींच्या वर प्रीडायबेटिस असा अंदाज दिलाय. माझ्या पट्ट्यात बरीच गर्दी आहे.

आणि हे स्नायू वयाबरोबर कमी होतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, साठीनंतर वेग वाढतो. त्यातही झटकन काम करणारे तंतू जास्त जातात. पाय अडखळला की तोल सावरायला हेच तंतू लागतात. म्हणून आजोबा बाथरूममध्ये 'घसरले' असं आपण म्हणतो. फरशी ओली असतेच, पण चाळिशीत ते त्याच फरशीवर सावरले असते.

यावर उपाय शतपावली. हसू नका! आजी जेवल्यावर अंगणात फेऱ्या मारायला लावायची तीच. २०१३ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, साठीच्या पुढचे, फारसा व्यायाम नसलेले फक्त १० जण. एकदा त्यांना सलग ४५ मिनिटं चालवलं, एकदा प्रत्येक जेवणानंतर १५-१५ मिनिटं. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला जेवणानंतरचं चालणं दुपारच्या सलग चालण्यापेक्षा सरस ठरलं. दहाच जण आहेत, मान्य, पण मागच्या दाराचं गणित त्याच दिशेला बोट दाखवतं, आणि तसेच निष्कर्ष नंतरही आलेत. फक्त शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा-पंधरा मिनिटं धरा. मी रात्री जेवून खाली उतरतो आणि सोसायटीला फेऱ्या मारतो. वॉचमनकाका आता वेळ विचारत नाहीत, मला बघून घड्याळ लावतात.

दहा हजार पावलांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केइ', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. मार्केटिंग! २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांवर अभ्यास झाला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. त्यामुळे आईच्या मोबाइलवर ५,००० दिसले तर तिला टोमणे मारू नका.

बसण्याबद्दलची माझी आवडती गोष्ट लंडनची आहे. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. आपल्या मुंबईच्या बेस्टला होत्या तशाच बस. एकच गाडी, तीच हवा, तेच प्रवासी. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढणार. हृदयविकार कंडक्टरांमध्ये लक्षणीयरीत्या कमी. आता तुमच्यातला एखादा इंजिनिअर म्हणेल, मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? बरोबर शंका. मॉरिसनाही आली. त्यांनी काय करावं? गणवेश शिवणाऱ्यांच्या नोंदी काढल्या, कोणाच्या पँटची कंबर किती! आणि खरंच, ड्रायव्हरांच्या कंबरा सुरुवातीपासून थोड्या मोठ्या निघाल्या. तेही त्यांनी छापलं. पोस्टमन आणि टेबलावर बसून काम करणारे कर्मचारी यांच्यात पुन्हा तोच फरक दिसला, म्हणून मुद्दा टिकला. स्वतःच्या निष्कर्षावर स्वतःच बग टाकणारा माणूस मला फार आवडतो. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

आपण सगळे ड्रायव्हर आहोत. हिंजवडीला जाणारे तर बसमध्येही बसून आणि ऑफिसातही बसून. माझा जुगाड असा, की ज्या मीटिंगमध्ये मला स्क्रीन शेअर करायची नसते ती मी चालत ऐकतो. लहान बाटली ठेवतो म्हणजे पाण्याला वारंवार उठावं लागतं. चार मजल्यांपर्यंत लिफ्ट नाही. यात शौर्य काही नाही.

पण चालण्याने स्नायू पुरेसे वाढत नाहीत, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच्याच पुढे लिहिलंय: आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. ते वाक्य आई-बाबांपर्यंत पोचतच नाही. "या वयात वजनं उचलू?" असं बाबा म्हणतात. १९९० चा एक अभ्यास त्यांना ऐकवा. वृद्धाश्रमातले, नव्वदीच्या आसपासचे १० जण. आठ आठवडे देखरेखीखाली पायांनी वजन उचलायला लावलं. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! तेव्हा बासष्टाव्या वर्षी "आता काय उपयोग" हे चालणार नाही.

आमच्या घरी हे सहज झालं नाही. बाबांचे गुडघे दुखतात. दोन वर्षांपासून ते पूजेला खुर्चीत बसतात, जेवायला टेबलावर, संडास कमोडचं. दुखतं म्हणून वाकायचं नाही, वाकत नाही म्हणून मांडीचे स्नायू बारीक, स्नायू बारीक म्हणून गुडघ्यावर भार जास्त. हे चक्र मला दिसत होतं आणि त्यांना ते सांगणं म्हणजे त्यांच्या वयाबद्दल बोलणं होतं. वडिलांना हे कसं बोलायचं हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे मी माझी पाठ दाखवायला गेलो आणि त्यांना सोबत नेलं. तिने त्यांना एकच दिलं: घरातल्या घट्ट खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा, तीन पाळ्या, एक दिवसाआड. सुरुवातीला चार वेळाच जमलं. खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, मग एक काढली. आता उशा नाहीत, दहा होतात. जमिनीवर मांडी अजून नाही.

जमिनीवरून आठवलं. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ अराउजो यांची एक चाचणी आहे. उभं राहा, जमिनीवर बसा, परत उठा. दहा गुणांपासून सुरुवात, हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक कमी, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांची ही चाचणी घेऊन काही वर्षं लक्ष ठेवलं, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ०-३ गुण असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ८-१० वाल्यांच्या पाचपटीहून जास्त. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं असा अर्थ काढू नका. ताकद, तोल आणि लवचीकता शिल्लक आहे का, याचा तो एक आरसा आहे. आपण स्वतः करून बघा, पण गुडघे-कंबर दुखणाऱ्या आई-बाबांवर हा प्रयोग करू नका, प्लीज.

खाण्याबद्दल लांबड लावत नाही, त्यावर ढीगभर रील्स आहेत आणि निम्म्या काहीतरी विकतायत. एवढंच, स्नायूंना प्रथिनं लागतात. आपल्याकडची शिफारस वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा. पातळ वरणाच्या वाटीत आपण समजतो तेवढं नसतं, त्यात पाणीच जास्त. आईच्या ताटात उसळ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी पडते, हे एकदा बघा. आमच्याकडे आता ती आधी वाढून घेते, तेही भांडून. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

आणि कान! तुम्ही मला आत्ता इयरफोनमधूनच ऐकताय. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली, त्यात ऐकू कमी येणं आहे. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही साधारण मर्यादा. फोनच्या सेटिंगमध्ये मर्यादा लावता येते, लावून टाका. आजीचं श्रवणयंत्र डब्यात पडून असेल तर बॅटरी बदलून आणा.

माझी पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, आकडा काय येईल तो इथे सांगेन, चांगला असो की वाईट. पुढच्या एपिसोडमध्ये झोप आणि नाइट शिफ्ट, त्यावर प्रश्न असतील तर पाठवा. मी रात्रीचं जेवण करून रेकॉर्डिंगला बसलोय, त्यामुळे आता खाली फेऱ्या मारायला जातो. वॉचमनकाका वाट बघत असतील.